आधी सीट, मग आरसे

गाडीचा मागचा बंपर अजून खांबाला टेकलेलाच होता. विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही, असा नवऱ्याचा हुकूम होता, आणि नवल म्हणजे तो त्याने स्वतःही पाळला होता.

धडक त्यानेच दिली होती. परवा संध्याकाळी, फोन कानाला लावून गाडी मागे घेताना. बंपर चेपला, एक दिवा फुटला, खांबाचा रंग गेला. किरकोळ काम. बायको तेव्हाच म्हणाली होती, "कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे टाकू. मी देते पैसे. विषय संपला."

"मग मी हप्ते कशाला भरतो? कंपनीवर उपकार म्हणून?"

अडचण एवढीच होती, की त्याच्या लायसनची मुदत कधीच संपली होती. ते नवं करायला रांगेत उभं राहणं त्याच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. खोटं बोलणं शोभत होतं. तेव्हा गाडी बायको चालवत होती, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. आणि बायको होती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला.

"तुझं लायसन चालू आहे. तुझं काय जातंय?" तो म्हणाला होता.

काय जातंय ते लगेच कळलं. त्याने हे खोटं आधी आईलाच सांगितलं, आणि सासूबाईंच्या पोटात बातमी तासभरही टिकत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी क्लासला नाव घालणार होत्या. लिफ्टमध्ये भेटल्यावर त्या "बघू पुढे" म्हणाल्या आणि दाराकडे बघत राहिल्या. बाकीच्यांनी हसून घेतलं. शिकवणारीच खांबावर आपटते म्हटल्यावर हसणारच. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडणं तिच्या जिवावर आलं होतं, आणि आता याच गोष्टीचा तिला स्वतःवर संताप येत होता.

सर्व्हेअर आला. हेल्मेट काखेत, चेहऱ्यावर कंटाळा. सासूबाई खाली खुर्ची टाकून बसल्याच होत्या.

"त्या क्षणापासून गाडी आहे तशी आहे," नवरा ऐटीत म्हणाला. "दारसुद्धा उघडलेलं नाही."

"कोण चालवत होतं?"

"ही. आता बायकांचं रिव्हर्स म्हणजे तुम्हाला माहीतच आहे." तो एकटाच हसला.

"मॅडम, तुम्ही काय करता?"

तिने तोंड उघडलं, पण नवरा पटकन मध्ये पडला. "घरीच असते. गाडी आत्ताआत्ताच शिकलीय. अजून हात बसलेला नाही."

सासूबाईंनी चमकून मुलाकडे पाहिलं. पण तो काहीतरी हुशारी करतोय असं वाटून त्या पुन्हा खुर्चीत रेलल्या.

तिनेही नवऱ्याकडे पाहिलं, अगदी नीट. ताडमाड देह, कडक इस्त्रीचा शर्ट. एवढ्या मोठ्या देहात एक लायसन करून आणण्याची धमक नव्हती. आतापर्यंत तिला त्याचा राग येत होता. आता किळस आली.

"गाडी हातभर पुढे घ्या," सर्व्हेअर म्हणाला. "खांबामुळे फोटो नीट येत नाहीये."

नवऱ्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. "सावकाश हं," असंही वर म्हणाला.

ती आत बसली आणि तिचे पाय अधांतरी राहिले. सीट पार मागे होती, त्याच्या लांबलचक पायांसाठी. त्याने सगळं ठरवलं होतं. तिच्या लायसनची झेरॉक्स, वेळ, तिने कशाकशाला मान हलवायची. सीटचं तेवढं सुचलं नव्हतं. आपल्या जागी दुसरं कुणी बसलं तर त्याला कसं बसावं लागेल, हा विचार त्याने जन्मात कधी केला नव्हता.

सीटच्या काठावर सरकून, बोटांच्या टोकांनी क्लच दाबून निभावता आलं असतं. पहिल्या दिवशीचे विद्यार्थी तेच करतात. बाहेरून नवरा हाताने "चल, चल" करत होता.

तिने पाठ टेकली. "आधी सीट," ती मोठ्याने म्हणाली, क्लासमधल्या आवाजात, आणि वाकून सीटखालची दांडी ओढली.

खट्. खट्. खट्. सीट पुढे येतच राहिली. सर्व्हेअरचा फोटोसाठी वर गेलेला हात खाली आला.

"मग आरसे." मधल्या आरशात नुसतं गाडीचं छत दिसत होतं. तो तिने खाली वळवला. "मग पट्टा. किल्ली सगळ्यात शेवटी."

गाडी हातभर पुढे आली आणि जरासाही धक्का न बसता थांबली.

सर्व्हेअरने सीटकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पायांकडे. "साहेब, मॅडमनी गाडी मागे घेतली, तेव्हा पाय कुणाचे होते?"

"अं... नंतर मी जरा आत बसून..."

"दारसुद्धा उघडलं नाही म्हणालात ना?" त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "बाहेरच करून घ्या हे काम. हा क्लेम मी काही पुढे पाठवत नाही."

स्कूटर फाटकाबाहेर जाईपर्यंत नवरा थांबला. मग दातओठ खात म्हणाला, "तुला सीट पुढे घ्यायची काय गरज होती?"

"पाय पोचत नव्हते."

त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. तिने किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या होत्या. "मला अख्ख्या बिल्डिंगमध्ये खोटं पाडलंस," त्या मुलाला म्हणाल्या आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

"आई, कुठे निघालीस?"

"तिसऱ्या मजल्यावर."