हद्दीवरची मेंदी

भातकापणी उरकली तशी कळंबच्या गौराबाईला शेजारच्या बंगल्यातल्या सुनीतीबाईंनी विचारलं, "मावशी, कुंपणाला कण्हेर लावू की मेंदी?" गौराबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कण्हेर लावली तर ती फोफावून आपल्या शेतात घुसणार, आणि मेंदी लावली तर तिच्या दाट आडोशाने ही बाई हळूच हद्द सरकवणार. "तुमची जागा हाय, तुमी बघा," एवढंच ती म्हणाली, आणि खड्डे खणून होईपर्यंत बांधावर ठाण मांडून बसली.

सुनीतीबाईंनी मेंदी लावली, तीही हद्दीपासून दोन हात आत, स्वतःच्याच जागेत. "बाहेरून छाटायला उभं राहायला जागा नको का, मावशी?" त्या हसून म्हणाल्या.

एवढी सोन्यासारखी जमीन कुणी उगाच सोडतं का, हे काही गौराबाईच्या डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात तिने वाल पेरले, ते थेट मेंदीच्या बुंध्यापर्यंत.



घरी येऊन सुनेला म्हणाली, "समिधा, नजर ठेव गं. ती बाय छाटायच्या नावाखाली आपल्या शेतात पाय ठेवल्याबिगर राहायची नाय."