हेडसेट सापडत नाही

"वायर काढा, थोडं थांबा आणि परत लावा," संजना म्हणाली. हे वाक्य ती झोपेतही बडबडते, असं तिची आई सांगायची.

खारघरच्या त्या ऑफिसात संजना हेल्पडेस्कवर होती. घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप रुसले की त्यांची समजूत घालायची, हे तिचं काम. आज मोबाइलवर सुकापूरची मोनाली होती. विमा कंपनीच्या ग्राहकांशी दिवसभर बोलणारी बाई, आणि तिचा हेडसेट लॅपटॉपला सापडत नव्हता.

"लावली, ताई. काहीच नाही झालं."

"हेडसेट सापडेपर्यंत सगळा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधूनच येणार. मी इथून तुमची स्क्रीन घेते. परवानगी विचारेल, हो करा."

"घ्यायलाच लागते का?"

"बघितल्याशिवाय औषध कसं देऊ?"

मोनाली घुटमळली. मग स्क्रीन उघडली. संजनानं आवाजाची सेटिंग उघडली आणि त्याच वेळी पलीकडे पुरुषाचा आवाज गरजला.

"कोणाशी बोलतेस गं? ठेव तो फोन!"

पाठोपाठ भांडी आदळली. संजनाच्या स्क्रीनवरची आवाजाची हिरवी पट्टी टोकापर्यंत उडाली.

"मिस्टर आहेत," मोनाली हळूच म्हणाली. "तुम्ही बघा ना, ताई. कॉल रेकॉर्ड होतोय ना हा?"

"होतोय," संजना म्हणाली. ज्या बाईला घरात मार बसतोय ती कॉल रेकॉर्ड होतोय का विचारते, ते उगीच नाही.

"बोललो ना, ठेव! नाय ठेवलास तर आज तुला जित्ती सोडत नाय!" कानाखाली जाळ काढल्याचा आवाज आला. मग दुसरा. मोनाली कळवळली.

संजनाला प्रचंड संताप आला. समोर असता तर तिनं त्या माणसाला खुर्चीनं हाणला असता. पण समोर होती फक्त मोनालीची स्क्रीन. फोन तुटला तर बाई एकटी पडेल, एवढं तिला कळत होतं. मग ती आपल्याला येतं तेच करत राहिली. हेडसेटचं जुनं सॉफ्टवेअर काढलं, नवं चढवायला लावलं आणि तोंडानं बोलत राहिली.

"ताई, फोन ठेवू नका. मी आहे. हे चालू होतंय बघा."

तिनं दुसऱ्या हातानं टीम लीडर आनंदाला खूण केली. त्यानं मोनालीच्या तक्रारीवरचा पत्ता पाहिला आणि पोलिसांना फोन लावला.

"फ्लॅट नंबर कुठला?" त्यानं विचारलं. "इथं अर्धवट दिसतोय!"

संजना त्याच्याकडे वळली आणि तिनं आपल्याकडच्या नोंदीतून नंबर, बिल्डिंग, मागचं मंदिर सगळं ओरडून सांगितलं. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं तर हेडसेटसमोर हिरवी खूण आली होती. एवढ्या धामधुमीतही सवय सुटली नाही. नवं सॉफ्टवेअर चढलं की खात्री करून घ्यायची, असं इथं पहिल्या दिवसापासून शिकवतात.

"ताई, वायर एकदा काढून परत लावा," तिच्या तोंडून निघून गेलं.

खूण गेली. परत आली नाही. आता कुठली यायला? पलीकडे शिव्यांचा नुसता पाऊस पडत होता. खुर्ची पडली, काच फुटली. मोनाली "नका हो, नका हो" म्हणत होती. मग तिची एक लांब किंकाळी, एक जड धप्प, आणि सगळं शांत.

"ताई," मोनाली म्हणाली, "अंगावर आला तो. हातात वरवंटा होता माझ्या. उठत नाय तो आता."

दुसऱ्या दिवशी फौजदार ऑफिसात आले. शांत, थकलेला माणूस.

"तिच्या अंगावर वळ आहेत, जुनेही आणि ताजेही," ते म्हणाले. "कुंदन म्हणजे तिचा नवरा. तो मारायचा, हे अख्खी बिल्डिंग सांगते. फक्त डॉक्टर एक गोष्ट सोडत नाहीत. त्यांच्या मते तो सकाळीच गेला असावा. तसं असेल तर दुपारी जीव वाचवायला वार केला, हे तिचं म्हणणं खोटं ठरतं. आणि तुमचा कॉल तर दुपारचा."

"डॉक्टर काहीही म्हणोत," संजना उसळली. "जिवंत होता तो. माझ्या कानांनी ऐकलंय मी! कुठंही सांगेन. तिनं नसता मारला तर आज तिचं प्रेत उचललं असतं तुम्ही."

"तेवढंच हवं होतं. तुमच्या जबाबावर सुटेल ती." फौजदारांनी कागद पुढे सरकवला. "सही करण्याआधी रेकॉर्डिंग एकदा ऐकून घ्या."

संजनानं हेडसेट कानाला लावला. पेन हातातच होतं. भांडी आदळली, थपडा वाजल्या. पुन्हा तोच संताप तिच्या मस्तकात गेला. मग आनंदाला ओरडून पत्ता सांगणारा तिचाच आवाज आला. काल ती स्वतःच ओरडत होती, त्यामुळे त्यामागचं तिनं काही ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. मोनालीचा हेडसेट जोडला गेल्याचा बारीक टुंग वाजला आणि कुंदन एका शिवीच्या मधेच गप्प झाला. भांडं नाही, पाऊल नाही, नुसता पंख्याचा आवाज. त्या शांततेत मोनाली कुणाचाही मार न खाता "नका हो, नका हो" म्हणत होती. मग संजनाचा आवाज आला, "ताई, वायर एकदा काढून परत लावा."

वायर निघाली, आणि कुंदन लॅपटॉपच्या स्पीकरमधून पुन्हा ओरडायला लागला.