रिकामी लिफ्ट

"ब्रेक गेला असता तर लिफ्ट खाली कोसळली असती," भाऊराव म्हणाले. "वर कशाला जाईल?"

"तेच ना! एकदम बरोबर बोललात," सोसायटीचा सेक्रेटरी नंदकुमार म्हणाला आणि त्याने पेन त्यांच्या हातात दिलं.

भाऊरावांचा मुलगा किरण जाऊन अकरा दिवस झाले होते. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दिंडोशीची ही बिल्डिंग आपली, तिची लिफ्ट आपली, म्हणून सुट्टीच्या दिवशीही हात काळे करायचा. त्या दुपारी रिकाम्या लिफ्टच्या टपावर उभा राहून तो रूळ पुसत होता. लिफ्ट एकाएकी वर सुटली. वर बाराव्या मजल्याचा स्लॅब होता. मध्ये किरण होता.

उद्या इन्स्पेक्टर चौकशीला येणार होता. किरणने कमिटीला तीनदा सांगितलं होतं, ब्रेकचे लायनर झिजलेत, बदला. कमिटी म्हणाली, बघू दिवाळीनंतर. पण तो गेल्यावर दुसऱ्याच दिवशी नवे लायनर बसले, रहिवाशांची गैरसोय नको म्हणून. आता प्रश्न एकच उरला होता. जुना ब्रेक सुटला असेल तर दोष कमिटीचा. नसेल सुटला, तर किरण टपावरचं स्टॉपचं बटण न दाबताच कामाला लागला, कोणीतरी वरून लिफ्ट बोलावली, आणि दोष मेलेल्याचा.

"मला काय आनंद आहे का भाऊराव?" नंदकुमार हळू आवाजात म्हणाला. "पण तुम्ही या लाईनीतले. तुमच्या शब्दाला वजन आहे."

भाऊराव लिफ्टमन होते. फोर्टातल्या एका ऑफिसात स्टुलावर बसून एकतीस वर्षं त्यांनी साहेबांना वर नेलं आणि खाली आणलं. दोराच्या आवाजावरून ते मजला सांगत. अकरा दिवस लोक येत होते, गप्प बसत होते, उठून जात होते. ज्याचं उत्तर भाऊरावांना येतं असं काहीतरी आज पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. दुःखाच्या तळाशी कुठेतरी त्यांची पाठ ताठ झाली. पोटचा पोर असला तरी खोटं कसं बोलायचं? काम करताना पोरगा घाई करायचा, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

नंदकुमार सांगत गेला, ते लिहीत गेले. 'माझ्या मुलाने स्टॉपचं बटण दाबलं नसावं. ब्रेकविषयी माझी तक्रार नाही.'

"आणि खाली कोसळली असती, ते?"

"ते नको. उगाच लांबण लागेल."

भाऊरावांनी सही केली. पेनाला टोपण लावेपर्यंत नंदकुमारने कागदाचा फोटो काढून पाठवूनही दिला होता. चहा न घेताच तो उठला.

त्याच दारातून सपना आत आली. किरणची बायको. किरण गेल्यानंतर कामावर जायचा तिचा पहिलाच दिवस. चप्पल काढता काढता तिने विचारलं, "सेक्रेटरी कशाला आलेला, बाबा?"

भाऊरावांनी सांगितलं. कोर्टात साक्ष द्यावी तसं, नीट, क्रमाने. ती ऐकत राहिली. पर्स खांद्यावरून घसरून कोपरात आली तरी तिला कळलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "रिकामी लिफ्ट खाली पडत नाही."

"काय बोलतेस पोरी?"

"विहिरीवरचा रहाट बघितलाय ना तुम्ही? एका दोराला दोन घागरी. एक खाली जाते, एक वर येते. लिफ्टचंही तसंच. दोराच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडेने लोखंडाचं वजन असतं, रिकाम्या लिफ्टहून जड. आत माणसं भरली असली तर गोष्ट वेगळी. पण रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सुटला की वजन खाली जातं, आणि लिफ्ट…" तिने नुसता हात वर केला.

रहाट भाऊरावांनी पाहिला होता. लांबून. गावात त्या दोराला त्यांच्या आईला कधी हात लावू दिला नव्हता. ती घागर घेऊन कडेला उभी राहायची, कोणी वरून ओतेल म्हणून. आणि लिफ्टमध्ये ते आत होते. एकतीस वर्षं ते वजन हाताच्या अंतरावरून खालीवर गेलं, भिंतीपलीकडून.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. लग्न ठरल्यावर एकदा लिफ्टमध्ये अडकलो होतो. मी रडायला लागले, आता पडणार म्हणून. तर हे हसत सुटले."

भाऊराव उठले. चप्पल उलटसुलट घातली, दारापर्यंत गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले. कागदावर अक्षर त्यांचं होतं. बाप होते ते. बापाने लिहिलेलं खोटं आहे, हे आता बापच कोणाला पटवणार?

"नंदकुमारला माहीत असणार," सपना म्हणाली. "म्हणून तर कोसळायचं लिहू दिलं नाही."

ते त्यांना ऐकूच आलं नाही. त्यांच्या मनात दुसराच प्रश्न होता.

"तुला सांगितलं त्याने. मग मला का नाही?"

सपनाने कोपरातली पर्स काढून ठेवली. मग खाली बघत म्हणाली, "मी म्हटलं होतं, बाबांना सांगा की, त्यांना गंमत वाटेल. तर म्हणाले, 'नको गं. एवढी वर्षं लिफ्टीत काढली त्यांनी, आपल्याला हेही कळलं नाही असं वाटेल त्यांना. राहू दे. नाही कळलं तर कोणाचं काय अडणार आहे?'"