ओळखीचं भूत

नवऱ्याच्या मारहाणीवर तिने लिहिलेली कथा तीन नामांकित मासिकांनी साभार परत केली. मग तिने नवऱ्याच्या जागी भूत घातलं आणि गॅरेजमध्ये बसून भयकथा छापणाऱ्या एका प्रकाशकबाईंकडे पाठवली. त्यांच्या पुस्तकांची दखल कुठलंच वर्तमानपत्र घेत नसे. "हे भूत मी ओळखते," बाई फोनवर हळूच म्हणाल्या. "छापू. टोपणनावानं." आज ती कामावरून परतली तर तिची कथा छापलेलं पुस्तक सासूबाईंच्या हातात! "वाचनालयातून आणलं," सासूबाई म्हणाल्या. "हे तूच लिहिलंस ना?" तेवढ्यात जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजली. आता सासूबाई लेकाला सांगणार, अशी तिला भीती वाटली. पण त्यांनी पुस्तक मिटलं. "याचा बापही असाच होता गं," त्या पुटपुटल्या, उठल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.