साखरेची गोळी

ग्रोनिंगनच्या इस्पितळातली ही औषधचाचणी माझ्या नैराश्यावरचा शेवटचा उपाय होता. काहींना अळंबीपासून केलेली भास घडवणारी गोळी मिळते, काहींना साखरेची. कोणाला कोणती, हे परिचारिकेलाही ठाऊक नसतं. डोळ्यांवर पट्टी बांधून मी दिवसभर पडून होतो. संध्याकाळी बायको वीत्स्के न्यायला आली. “काय दिसलं?” “काहीच नाही. साखरच असणार. किंवा माझंच काहीतरी चुकलं.” “पाऊस पडला तरी तुझंच चुकतं.” हसायचंही त्राण नव्हतं. बसथांब्यावर तिने विचारलं, “मग दिवसभर केलंस काय?” “परिचारिका हात धरून बसली होती. तसा नियमच आहे त्यांचा. आधी लाज वाटली, नंतर मीच सोडेना.” ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “मी धरायचे, तेव्हा तू काढून घ्यायचास.” तिने हातमोजा काढला, खिशात ठेवला, पण हात पुढे केला नाही. तो मलाच धरायचा होता.