हात पोचेपर्यंत

या, असे जवळ सरकून बसा. मोठ्या आवाजात सांगायची गोष्ट नाही ही. पण नीट ऐकलीत तर घरी जाताना कुणीतरी सोबत चालतंय असं वाटेल, एवढं वचन देतो.

तुरुंगाच्या जेवणघरात दुपारी बाकं एका कडेला ओढून ठेवली होती. समोरची भिंत अर्धीच रंगवलेली. रंग जिथे थांबला तिथे ओघळ तसेच वाळले होते. त्या भिंतीपुढे शिपाई ओळीने उभे होते, गणवेश उतरवून, घरचे सदरे घालून. चौकशीला आलेल्या न्यायाधीश बाईंचा तसा हुकूम होता.

"सदऱ्यात आपण सगळे कसे कारकून दिसतो," हवालदार पुटपुटला. "लंबू तेवढा विजेचा खांब."

ओळीत हसू पसरलं. लंबूही हसला. हवालदार म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. दाजींच्या विनोदाला हसायची त्याला सवयच होती. सकाळी बाईंनी एकेकाला आत बोलावलं, तेव्हा सगळे एकच सांगून आले होते, की रंगारी शिडीवरून पडला. लंबूनेही तेच सांगितलं होतं.

मग त्या रंगाऱ्याला आणलं. बाहेर होता तेव्हा लोकांची घरं रंगवायचा. कैदी झाल्यावर तुरुंगाच्या भिंती. दोन्ही हात पोटाशी धरलेले, मान खाली. त्याच्या आईने अर्ज केला होता, की माझा मुलगा पडला नाही, त्याला मारलंय.

बाई खुर्चीवरून उठल्या. "घाबरू नका. ओळीपुढून सावकाश चालत जा. ज्याला ओळखाल त्याच्या खांद्यावर हात ठेवा. नुसतं बोट दाखवून चालणार नाही, नियम आहे." मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, "कुणालाच ओळखलं नाहीत, तर मला हा अर्ज इथेच बंद करावा लागेल."

अर्ज बंद म्हणजे संध्याकाळी पुन्हा त्याच बराकीत, ह्याच माणसांच्या ताब्यात. हे बाई बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

रंगारी चालू लागला. मान खालीच.

"वर बघा," बाई म्हणाल्या.

त्याने मान उचलली, पण डोळ्यांवर ऊन आल्यासारखी, अर्धवट. हवालदारापुढे तो थांबला. चेहरा बघितला, त्यात ओळखीचं काही सापडलं नाही, पुढे गेला. हवालदाराने सोडलेला श्वास शेजारच्याला ऐकू गेला.

लंबूपाशी तो पुन्हा थांबला. ह्या चेहऱ्याकडे मात्र त्याने पूर्ण मान वर करून बघितलं. मग हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि अडकला. परत उचलला. ओठ पांढरे पडले, पण हात काही वर जाईना. आणि समोरचा खांदा तर केवढा उंच!

"राहू द्या, मॅडम," जेलर म्हणाला. "त्याला जमत नाहीये."

आणि बघा हो, लंबू वाकला. कुणी सांगितलं नव्हतं. गुडघे मोडून, पाठ झुकवून त्याने आपला खांदा त्या हाताखाली आणून ठेवला.



"ह्यांनी मारलं?" बाईंनी विचारलं.

"नाही," रंगारी म्हणाला.

"अहो, मग हात का ठेवलात?"

"ओळखाल त्याच्यावर ठेवा म्हणालात ना. मारणाऱ्यांचे चेहरे मला नाही माहीत, बाई. भिंतीकडे तोंड होतं. मान वळवली की आणखी फटके पडायचे. हे नंतर पाण्याचा मग घेऊन आले. मला उठता येईना, म्हणून हेच खाली वाकले. तेवढा एकच चेहरा दिसला."

"घ्या!" हवालदार म्हणाला. "पाणी पाजलं म्हणून लंबू गुन्हेगार."

ह्या वेळी ओळीत कुणी हसलं नाही.

बाई लंबूकडे वळल्या. "सकाळी तुम्ही शिडी म्हणाला होतात."

"लंबू," हवालदार हळूच बोलला, अगदी घरच्या आवाजात, "रविवारी ताईने जेवायला बोलावलंय. विसरू नकोस बरं."

ओळख पटवायचं काम झालं होतं. लंबूने आता सरळ व्हायला हरकत नव्हती. तो नुसता ताठ उभा राहिला असता, तरी तो हात आपोआप निसटून खाली गेला असता. पण तो वाकलेलाच राहिला. मानेवर घाम आला होता, तोही त्याने पुसला नाही.

"शिडी नव्हती, मॅडम," तो म्हणाला. "मी दाराशी होतो."

"कोण कोण मारत होतं?"

ओळीत कुणीतरी पाय बदलला.

"पहिले आमचे दाजी," लंबू म्हणाला. "बाकीचेही सांगतो. आधी ह्याला बसायला काहीतरी द्या."

गोष्ट एवढीच. लंबूची काळजी देवाला आहे, तिच्यात आपण पडू नये. पण आज हात जोडाल तेव्हा त्याच्या ताईला मात्र आठवा. ती त्या वेळी घरी होती, रविवारी भावाला काय करून घालावं ह्याचा विचार करत.