सात किलोमीटरचा शब्द

"शर्यत पायांनी नाही, डोक्यानं जिंकली जाते," असं हेमराजनं चालत्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून साऱ्या जगाला ऐकवलं, आणि त्याच डोक्यावरची टोपी उडून तुरीच्या शेतात गेली.

"थांबू का भाऊजी?" गाडी चालवणाऱ्या मुकेशनं, म्हणजे त्याच्या साळ्यानं, विचारलं.

"टोपीसाठी? चौथा किलोमीटर चालू हाय बे. चाल!"

समोर दोघंच होते. पुढे रोशन, त्याच्या दोन पावलं मागे हेमराजचा मुलगा अंकित. बाकीचे चाळीस जण मागच्या वळणाआड होते. वडनेरची ही दहा किलोमीटरची शर्यत जो जिंकेल तो जिल्ह्याच्या संघात. मग राज्य, मग प्रमाणपत्र, मग खेळाडू कोट्यातली सरकारी नोकरी. अंकितच्या वयाला बसणारं हे शेवटचं वर्ष. नाहीतर कापडाच्या दुकानातली गादी होतीच, आणि त्याच विचारानं हेमराजची झोप उडाली होती. मागच्या दिवाळीत अंकितनं एका गिऱ्हाइकाला परकराचं कापड पँटचं म्हणून दिलं, आणि गिऱ्हाईक ते शिवून, घालून, दाखवायला आलं होतं.

म्हणून सगळी आखणी हेमराजनं आपल्याकडे घेतली. मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहून त्याला कळलं, की मोठे धावपटू पुढे एक पेसर ठेवतात. तो वारा अंगावर घेतो, चाल बांधून देतो आणि ठरल्या जागी बाजूला होतो. मजुरी करणाऱ्या पुनाजीचा रोशन वनरक्षकाच्या भरतीसाठी रोज पळत होताच. हेमराजनं त्याला नवे बूट घेऊन दिले. बोली झाली सात किलोमीटरची.

"सातव्या दगडापाशी पोटात कळ आली म्हणजो," हेमराजनं शिकवलं होतं.

"पोट काऊन दुखवायचं काका? थांबतो म्हटलं तं थांबतो."

हेच हेमराजला खुपत होतं. तीस वर्षं दुकानात बसून त्याचं एक मत पक्कं झालं होतं. जो घासाघीस करत नाही, त्याच्या मनात काहीतरी असतं.

अंकितला दिलेली शिकवण सोपी होती. "डोकं माह्यं, पाय तुह्ये. रोशनच्या पाठीवरून नजर हलवायची नाई. तो हळू तं तू हळू, तो जोरात तं तू जोरात." सहा महिने रोज सकाळी अंकित त्या पाठीमागे पळाला. सराव सातचाच. शेवटचे तीन किलोमीटर हेमराजनं न उकललेल्या ताग्यासारखे राखले होते. घडी मोडायची ती शर्यतीच्या दिवशीच.

पाचवा दगड. सतरा मिनिटं पस्तीस सेकंद. ठरल्याप्रमाणे. अंकितचा श्वासही हलला नव्हता.

सहाव्या दगडाआधी मुकेशनं आरशात पाहिलं. "भाऊजी, वर्ध्याचा तो निळा बनियानवाला जवळ येऊन राह्यला."

रोशननं मागं न पाहता वेग वाढवला. अंकितनंही वाढवला. निळा बनियान हळूहळू मागे पडला. हेमराज खूश झाला, आणि लगेच त्यानं मुकेशचा खांदा हलवला.

"याले कोणं सांगतलं होतं जोर वाढवाले?"

"चांगलंच झालं ना!"

"कायचं चांगलं? लय दम शिल्लक हाय त्याच्यात. हा नाई थांबत मुकेश. हा जिंकाले आलता!"

कापूस वेचणाऱ्या बाया शेताच्या धुऱ्यावर येऊन ओरडत होत्या, "चाल रे रोशन! पयला ये!" हेमराजला त्या बायाही कटात सामील वाटल्या.

"त्याच्या बाजूले घे गाडी." त्यानं मुकेशच्या खांद्यावरून मान पुढे काढली. "रोशन! सात, बरं का! सात!"

रोशननं नजर समोरच ठेवली.

"पाह्यलं? बोलत बी नाई."

"पळता पळता काय भाषण देईन तो?"

"रोशन, स्वेटर देतो! लोकरीचं!"

रोशन त्याच चालीत पळत राहिला. मुकेशनं गाडी पुढे काढून चुना मारलेल्या सातव्या दगडापाशी लावली. हेमराज उतरला. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. देवळातही घाईत असणाऱ्या त्या माणसानं रस्त्याकडच्या दगडाला हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले.

बुटांचा आवाज आला. जवळ आला. अगदी जवळ आला.

थांबला.

हेमराजनं डोळे उघडले. दगडाला लागून रोशन उभा होता. हात गुडघ्यांवर. एक पाऊलही पुढे नाही.

हेमराजनं धावत जाऊन त्याला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले, पुढचं मागचं दिसेना. "माणूस हायेस रे बाप्पा! मी मनात लय वाईट आणलतं."

"म्हटलं होतं ना काका."

निळा बनियान बाजूनं गेला. हेमराजनं त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. "पळ बेट्या! दुसरा नंबर बी काई वाईट नसते!"

"भाऊजी..." मुकेश त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होता. तोही भारावलाय असं हेमराजला वाटलं.

"बोलू नको. चालू कर गाडी. अंकित फीत तोडन तवा मले तिथं राह्यचं हाय."

"काका," रोशन म्हणाला, "मले फाट्यावर सोडता का? भरतीचा अर्ज भराले वर्ध्याची यष्टी धराची हाय."

"फाट्यावर काऊन? तुले घरापावतर सोडतो! बस!"

हेमराज मुकेशच्या मागे बसला, त्याच्या मागे रोशन. मुकेशनं गाडी चालूच केली नाही.

"बाबा," मागून अंकित धापा टाकत म्हणाला, "जरा समोर सरका ना."